ब्रशलेस गाडी जागेवर थरथरते, मधेच बंद पडते. ईएससी बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत तुम्ही मुलासाठी कुणाची तरी वापरलेली १/१० मापाची, रिमोटवर चालणारी ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची) गाडी घेतली. बॅटरी टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर), मोटर बिनसेन्सरची, म्हणजे रोटरची जागा सांगणारा सेन्सर नसलेली. ट्रिगर दाबला की गाडी जागेवर थरथरते, हाताने ढकलली की पळते, आणि पाच-सात मिनिटांनी मधेच बंद पडते. दुकानदार म्हणतो ईएससी (बॅटरीची वीज मोटरला सोडणारा कंट्रोलर) गेला, नवा घाला. घालू का?

आत्ता घालू नका. हेच मी एकदा केलंय. माझी पहिली गाडी अशीच थरथरायची, म्हणून नवा ईएससी मागवला, बसवला, आणि गाडी तशीच थरथरत राहिली. त्या सुट्टीत गाडी घेऊन संकेश्वरकडे मामांच्या मळ्यात गेलो होतो. मामांनी गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "फेज गेलाय बघ. एका तारेत जीव नाही."

मामांना रेडिओच्या गाडीतलं काही कळत नाही, पण उसाला पाणी पाजण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. थ्री-फेजमधला एक फेज गेला की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ब्रशलेस मोटरचंही तसंच. बॅटरीच्या दोन तारांतून येणारा डीसी ईएससी तीन तारांत आळीपाळीने सोडतो आणि मोटर फिरवतो. तिन्हीतली एक तार नीट लागली नाही तर मोटर जागेवर डुगडुगते. ढकलल्यावर पळते, कारण फिरत्या मोटरला उरलेल्या दोन तारांवर कशीबशी ओढ मिळते. माझ्या गाडीत एका बुलेट कनेक्टरचं (तारेच्या टोकाच्या गोल पिनचं) सोल्डर वरून चकचकीत होतं, पण आत तार पकडलीच नव्हती.

म्हणून पहिलं काम हे करा. बॅटरी काढून ठेवा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) स्परपासून (ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चाकापासून) सरकवा आणि मोटरच्या तिन्ही तारा ईएससीपासून सोडवा. आता कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा. अडल्यासारखं, जड लागलं पाहिजे. अशा तिन्ही जोड्या बघा. दोन जोड्या हलक्या आणि एकच जड लागली, तर हलक्या जोड्यांत जी तार सामाईक आहे ती तुटलेली किंवा कच्ची आहे. मल्टिमीटरपेक्षा मला ही परीक्षा आवडते, कारण मोटरचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की साध्या मीटरवर काही उमगत नाही.

मग त्याच तारा ईएससीला परत जोडा, बॅटरी अजून बाहेरच, आणि शाफ्ट पुन्हा फिरवा. सुट्या मोटरसारखाच हलका फिरला तर ठीक. ब्रेक लागल्यासारखा जड झाला तर ईएससीच्या आतला एखादा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. तेव्हा मात्र दुकानदाराचं बरोबर, ईएससी बदला, आणि तोपर्यंत त्याला बॅटरी जोडू नका.

सोल्डर पुन्हा करायचं असेल तर मोबाईल दुरुस्तीचा बारीक २५ वॅटचा आयर्न चालणार नाही. जाड तार उष्णता ओढून घेते आणि सोल्डर वरच्यावर गोठतं. ६० वॅट किंवा त्याहून मोठा आयर्न घ्या, फ्लक्स लावा, आधी तार आणि कनेक्टर दोन्हींवर वेगवेगळा सोल्डरचा थर चढवून (टिन करून) घ्या. घरी जमत नसेल तर बेळगावात उद्यमबागेकडे एखाद्या मोटर वाइंडिंगवाल्याला दाखवा, जाड तारांचा हात त्यांना असतो. बॅटरीच्या प्लगला हात लावलात तर प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटी जोडणी ईएससी एका क्षणात जाळते, आणि तो परत उठत नाही.

जोडल्यावर गाडी उलटी पळाली तर घाबरू नका. मळ्यातला पंप उलटा फिरला की दोन फेज अदलाबदल करतात, इथेही कुठल्याही दोन तारा बदला. पण हे बिनसेन्सरच्या मोटरलाच. पुढे कधी सेन्सरची मोटर घेतलीत, तर तारा ए, बी, सी या खुणांप्रमाणेच ठेवायच्या आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची.

यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे रिमोटच्या ट्रिगरच्या जागा ईएससीला ओळखवून देणं. वापरलेल्या गाडीत रिमोट बदललेला असू शकतो, म्हणून हे टाळू नका. गाडी ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी. रिमोटवर थ्रॉटलचा ट्रिम (मधली जागा किंचित सरकवणारी सेटिंग) शून्यावर, एंड पॉइंट (ट्रिगरची शेवटची मर्यादा) १०० टक्क्यांवर. आधी रिमोट चालू करा, मग ईएससीचं सेट बटन दाबून धरून ईएससी चालू करा. बहुतेक ईएससींत आधी न्यूट्रल, मग पूर्ण थ्रॉटल, मग पूर्ण ब्रेक अशा तीन जागा एकेक करून नोंदवायच्या असतात, आणि प्रत्येक वेळी बीप येते. तुमच्या मॉडेलचा क्रम पुस्तिकेत बघा. थ्रॉटल दाबल्यावर ब्रेक लागत असेल तर रिमोटवर थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करून पुन्हा करा. रोज चालू करताना रिमोट आधी, बंद करताना गाडी आधी.

एवढं करून अगदी सुरुवातीला किंचित थरथर राहिली तर ती सोडून द्या. मोटर थांबलेली असताना तिच्याकडून ईएससीला काहीच सिग्नल मिळत नाही, त्यामुळे रोटर कुठे आहे हे त्याला अंदाजाने धरावं लागतं. बिनसेन्सरच्या मोटरचा तो स्वभाव आहे.

आता मधेच बंद पडण्याचं. बंद पडते तेव्हा स्टिअरिंग चालतं का, हे बघा. पुढची चाकं वळतात पण मोटर मेली, तर एकतर बॅटरी उतरलीय किंवा काहीतरी तापलंय. लिपोचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, आणि कटऑफ (ज्या व्होल्टेजला ईएससी मोटर बंद करतो) साधारण ३.२ च्या आसपास ठेवतात, म्हणजे टू-एसला ६.४. जुनी बॅटरी मीटरवर आठ व्होल्ट दाखवते आणि थ्रॉटल दाबताच सहावर कोसळते, म्हणून शक्य असेल तर दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. कटऑफ त्रास देतोय म्हणून ईएससी निकेल बॅटरीच्या मोडवर टाकू नका. लिपो खोलवर उतरते, फुगते, आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे. घरात मूल आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बॅटरी चांगली निघाली तर उष्णता. मोटर ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तापत असेल तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन घाला, वेग थोडा कमी होईल. आधीच्या मालकाने वेगाच्या हौसेने मोठा पिनियन घातलेला असू शकतो. आपल्याकडची तांबडी माती बेअरिंगमध्ये आणि ईएससीच्या पंख्यात बसते, तीही ब्रशने काढा.

आणि बंद पडताना स्टिअरिंगही मेलं, मग क्षणात सगळं परत आलं, तर रिसीव्हरला (गाडीतल्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीला) व्होल्टेज कमी पडतंय. सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) अडकून जास्त करंट ओढतोय का बघा, रिसीव्हरची पिन घट्ट करा.

तारांची परीक्षा आणि स्टिअरिंगचं उत्तर, एवढं कळवा. रविवारी बेळगावला येणं होत असेल तर गाडीही घेऊन या, आयर्न आणि थर्मामीटर माझ्याकडे आहेत.