'संशोधन', 'दुरुस्ती' की 'सुधारणा'?

प्रश्न असा आहे: आम्ही काही जण एका मुक्तस्रोत टेक्स्ट एडिटरची मदतपानं मराठीत आणतो आणि त्यांची देखभालही करतो. पानात काही बदललं की बदलाची एका ओळीत नोंद करावी लागते. त्या ओळीत कोणी 'संशोधन' लिहितं, कोणी 'सुधारणा', कोणी 'दुरुस्ती'. इंग्रजीवाले सगळ्यालाच 'फिक्स' म्हणून मोकळे होतात. मराठीत यातला योग्य शब्द कोणता?

'संशोधन' आधी बाजूला काढू. या अर्थाने तो हिंदीतून आलेला आहे. हिंदीत ज्याला 'संविधान संशोधन' म्हणतात ती आपली 'घटनादुरुस्ती'. मराठीत संशोधन म्हणजे अभ्यास करून नवं काही शोधून काढणं, त्यामुळे 'चौथ्या परिच्छेदात संशोधन' असं वाचलं की तिथे कोणी प्रबंध लिहायला बसलंय असं वाटतं. 'शोधन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध करणं हाच आहे आणि तो मराठीतून पुरता गेलेलाही नाही. 'मुद्रितशोधन'मध्ये तो अजून नांदतो. पण आधी 'सं' लागला की मराठी कान वेगळं ऐकतो. तेव्हा हा शब्द नकोच.

उरलेल्या दोघांमध्ये खरा फरक आहे आणि तुमच्या कामात तो मोलाचा आहे. 'दुरुस्त' फारसीतून आला. अर्थ बरोबर, ठीक, शाबूत. दुरुस्ती म्हटलं की आधी काहीतरी चुकलेलं किंवा बिघडलेलं होतं हे गृहीत धरलं जातं. 'सुधारणा'त ते गृहीत नाही. आधीचं चालण्याजोगं होतं, आता जास्त चांगलं झालं, एवढंच ती सांगते. म्हणून 'चुकीत सुधारणा केली' हे वाक्य हास्यास्पद होतं: चूक राहिलीच, फक्त तिचा दर्जा वाढला! गंमत म्हणजे क्रियापदाला हे बंधन नाही. 'चूक सुधारली' आपण बिनदिक्कत म्हणतो. नाम एका बाजूला सरकलं, क्रियापद मात्र दोन्ही घरचं राहिलं.

'घटनादुरुस्ती'त कुठे चूक असते, असं कोणी विचारेल. बरोबर आहे, असतेच असं नाही. पण तिथे तो शब्द पारिभाषिक होऊन बसला आहे. एका ओळीच्या नोंदीत वाचणारा तो रोजच्याच अर्थाने घेतो.

आता हे प्रत्यक्ष कुठे नडतं ते पाहा. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कॅपिटल वाय दाबला की अख्खी ओळ यँक होते, म्हणजे तिची नक्कल घेतली जाते. कॅपिटल डी आणि कॅपिटल सी मात्र कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतच काम करतात. ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. विमची मदतच सांगते की वायनेही शेवटापर्यंतच यँक करणं अधिक तर्कसंगत आहे, पण ते विमचा पूर्वज असलेल्या जुन्या व्हीआय एडिटरशी सुसंगत नाही. हवं असेल तर अमुक मॅपिंग करा, म्हणजे त्या कळीला दुसरं काम नेमून द्या. (मदतपुस्तिकेने आपल्याच प्रोग्रामबद्दल इतकं मोकळेपणाने बोलावं, हे मला फार आवडतं.) पुढे 2014 मध्ये विमपासून फुटून निघालेल्या निओविमने 2021 मधल्या 0.6 आवृत्तीत हे बदललं. तिथे वाय आता मुळातच ओळीच्या शेवटापर्यंत यँक करतो.

समजा, निओविमच्या मदतीतलं हे वाक्य तुम्ही मराठीत बदललंत आणि नोंदीत लिहिलंत, 'वायच्या वर्णनात दुरुस्ती'. जुनी आवृत्ती वापरणारा ती नोंद वाचून काय समजेल? आपल्याकडची मदत चुकीची आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडची मदत त्याच्या आवृत्तीसाठी अगदी खरी आहे. ही दुरुस्ती नाही आणि सुधारणाही नाही. वागणूक बदलली, म्हणून वर्णन बदललं. अशा ठिकाणी साधा 'बदल' पुरतो: 'आवृत्ती 0.6नुसार वायचं वर्णन बदललं'. 'अद्ययावत केलं' हेही चालेल, पण नुसतं नको; कुठल्या आवृत्तीनुसार, ते लिहा. विमच्या मदतफाइलींच्या पहिल्या ओळीतही आवृत्तीचा क्रमांक आणि शेवटच्या बदलाची तारीख असते. तो बदल चुकीमुळे झाला की कशामुळे, याबद्दल ती ओळ गप्प असते.

उलटा प्रकारही होतो. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये यँक म्हणजे चिकटवणं, विममध्ये नक्कल घेणं. ईमॅक्सची सवय असलेला कोणी विमचं पान उघडतो, त्याला यँकचा अर्थ उलटा दिसतो आणि तो उत्साहाने 'दुरुस्ती' पाठवतो. तसंच ईमॅक्सच्या 'विंडो'चं. सगळं जग जिला विंडो म्हणतं तिला ईमॅक्स 'फ्रेम' म्हणतो, आणि त्या फ्रेमच्या आतल्या एकेका कप्प्याला विंडो. ग्राफिकल विंडो सगळीकडे रुळण्याआधीच ईमॅक्समध्ये हा शब्द पक्का झाला होता, म्हणून ही अदलाबदल दिसते. चूक नाही. इथे फार तर सुधारणा होऊ शकते: नवख्याचा गोंधळ टळावा म्हणून एक खुलाशाचं वाक्य घालणं. 'दुरुस्ती' असं नाव दिलं की तपासणाराही मूळ मजकूर चुकलाय असं धरून चालतो, आणि बरोबर असलेलं वाक्य बिघडून जातं.

तर माझा कौल असा. मजकूर खोटा किंवा अशुद्ध होता तर दुरुस्ती. खरा पण क्लिष्ट किंवा अपुरा होता तर सुधारणा. कालपर्यंत खरा होता, आज नाही, तर बदल. टंकनदोष दुरुस्तीतच धरा, त्याला वेगळं नाव शोधत बसू नका.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. 'चुकीची दुरुस्ती' असं कधी लिहू नका. तिचे दोन अर्थ होतात, चूक दुरुस्त केली आणि दुरुस्तीच चुकली. 'चुकीची दुरुस्ती मागे घेतली' हे वाक्य तर नोंदींच्या यादीत कोणालाही चक्रावून टाकेल. 'चूक दुरुस्त केली' किंवा अनेक असतील तर 'चुकांची दुरुस्ती' लिहा. दुसरी गोष्ट, 'दुरूस्ती' नव्हे, 'दुरुस्ती': जोडाक्षराआधीचा उकार ऱ्हस्व. लहान टंकात 'रु' आणि 'रू' डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एडिटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे जुन्या नोंदी शोधताना दोन्ही रूपं शोधून पाहा.