अहंकार नेमका ओळखायचा कसा आणि तो कमी करायला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात कुणी चूक दाखवली की डोकं फिरतं, पुढचे दोन दिवस तेच मनात घोळत राहतं आणि बायको म्हणते, हा तुमचा अहंकार. बाकीचं वाचून कदाचित पुढे गेलो असतो. त्या शेवटच्या वाक्याने थांबलो, कारण 'तुझा अहंकार' हे शब्द मी भरल्या घरात, ऐन चवथीत ऐकले आहेत.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्या मूळ घरी पाच दिवसांचा गणपती असतो. जिथे जिथे पोटापाण्याला गेलेत तिथून सगळे भाऊ, चुलत भाऊ त्या दिवसांत घरी येतात. रात्री घुमट आरती, म्हणजे घुमट या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरत्या. शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य, दादाकडे, घुमट माझ्याकडे. आजोबांचं ते घुमट बाबांकडे आलं, बाबांनंतर माझ्याकडे, आणि सोळा वर्षं त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मातीचं भांडं आणि मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं. आता बकरीचं कातडं लावतात, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. आमचं त्याच्या आधीचं. चवथ येते पावसात, दमट हवेने कातडं सैल पडतं, म्हणून संध्याकाळी ते चुलीशेजारी धरून शेकायचं. मधूनमधून टिचकी मारून बघायची. कमी शेकलं तर आवाज बसका निघतो, जास्त शेकलं तर कातडं तडकतं. हे काम मी बायकोलासुद्धा करू देत नसे.

2009 ची चवथ, दुसरी रात्र. दादाचा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, गावच्या पथकात दोन वर्षं शिकत होता. मी घुमट गळ्यात अडकवलं आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आज ते याला दे." दिलं. मी कासाळं, म्हणजे मोठी झांज, घेतलं. आरती सावकाश सुरू झाली आणि पोरगा चांगला वाजवत होता. उजव्या हाताची बोटं कुणालाही जमतात. डाव्या हाताने मागचं लहान तोंड झाकायचं, उघडायचं आणि त्यातून तो घुमारा काढायचा, खरी परीक्षा तिथे. त्याला ते येत होतं. तिसऱ्या आरतीला मी कासाळ्याची लय वाढवली. एकदम नाही, कुणाला कळणार नाही इतकी, ओळीओळीने. गाणारे माझ्याबरोबर आले, दादाचं शामेळही आलं. पोराची बोटं मागे पडू लागली. एकदा सम चुकली, मग पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्याने हात थांबवला आणि खाली बघत बसला. आरती तशीच पुरी झाली.

नंतर सोप्यावर दादा म्हणाला, "तुझा अहंकार देवापेक्षा मोठा झालाय." मी म्हणालो, "आणि तुझा?" पुढच्या वर्षी फोंड्याच्या फ्लॅटमध्ये मी वेगळा गणपती आणला. घुमटही उचलून आणलं. अशा सहा चवथी गेल्या.

त्या सहा वर्षांत मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं, खरं सांगायचं तर स्वतःची बाजू भक्कम करायला. त्यातलं एक तुमच्या कामाचं आहे. आपण 'अहंकार' आणि 'ईगो' एकच समजतो आणि दोन्हीचा अर्थ गर्व असा घेतो. सांख्य या आपल्या जुन्या दर्शनाच्या मांडणीत प्रकृतीपासून, म्हणजे जगाच्या मूळ द्रव्यापासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि मन व इंद्रियं त्या अहंकारातून निघतात. म्हणजे 'हे माझं, हे मी करतो' असं म्हणणारं जे काही आत आहे, ते मनाच्याही आधीचं. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1923 मध्ये जे मांडलं त्यात त्याने साधा रोजचा जर्मन शब्द वापरला होता, 'मी'. इंग्रजीत नेणाऱ्यांनी त्याला लॅटिन 'ईगो' केलं. त्याच्याकडे तो 'मी' आतल्या वासना, सदसद्विवेक आणि बाहेरचं जग या तिघांना सांभाळून घेणारा आहे. तो मोडला तर माणूस नम्र होत नाही, आजारी पडतो. त्यामुळे 'अहंकार मारून टाका' सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. तुम्हाला जे छळतंय त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, मानापमान. गोव्यात तर देवळातल्या मानावरून सख्ख्या घराण्यांची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली आहेत. 'मी'शी भांडू नका. तो मानाचा हिशेब ठेवत बसतो, त्या हिशेबाकडे बघा.

मला तो हिशेब दिसला 2015 मध्ये. फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात घुमट आरतीची स्पर्धा होती. पुतण्याचं पथक आहे हे मला ठाऊक होतं. मागच्या रांगेत जाऊन बसलो. एकवीस वर्षांचा तरणा मुलगा, आणि हात असा की आजूबाजूची माणसं पुढे सरकून ऐकत होती. मी मात्र चुका मोजत होतो. दोन सापडल्या. दुसरी सापडली तेव्हा मला आत गार वाटलं, उन्हातून येऊन पन्हं प्यावं तसं. आपल्या रक्ताच्या मुलाची चूक झाली आणि मला बरं वाटलं. आरडाओरडा नव्हता, राग नव्हता, बाहेरून बघणाऱ्याला एक काका कौतुकाने पुतण्याला ऐकतोय असंच दिसलं असतं. तिथे मी तो पहिल्यांदा ओळखला.

तर ओळखायचं कसं, याचं माझं उत्तर एवढंच आहे. राग आला यावरून काही ठरत नाही, चूक दाखवली तर राग सगळ्यांना येतो. दुसऱ्याची चूक सापडल्यावर बरं वाटतं का, ते बघा. ज्या कामात तुम्ही खरोखर चांगले आहात तिथेच बघा. मला स्वयंपाकावरून कुणी काही बोललं तर काहीच वाटत नाही, कारण मला तो येतच नाही.

कमी कसा करायचा? ध्यान करून बघितलं, तीन महिन्यांनी 'मी ध्यान करतो' याचाच ताठा आला. मला उपयोग झाला तो दुय्यम काम हातात घेण्याचा. 2016 ला घुमट घेऊन मूळ घरी गेलो, ते पुतण्याच्या हातात दिलं आणि पाचही रात्री कासाळं वाजवलं. कासाळ्याचं कुणी कौतुक करत नाही. दोन जड थाळ्या, हात भरून येतात, आणि सगळी आरती त्या ठोक्यावर चालते. पहिल्या रात्री मनात सारखं येत होतं, इथे मी असतो तर असं वाजवलं असतं. तिसऱ्या रात्री ते कमी झालं. चौथ्या रात्री परत आलं, कारण शेजारचा एक जण म्हणाला, "आता पोरग्याने तुला मागे टाकलं हां." तेव्हापासून दर चवथीला हे असंच, कधी कमी, कधी जास्त.

ऑफिसचं म्हणाल तर पुढच्या वेळी चूक दाखवणाऱ्याला 'बघतो' एवढं म्हणा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. जमलं तर ज्यात तुम्ही पटाईत आहात ते एखादं काम त्याच्याकडे सोपवा आणि त्याने विचारल्याशिवाय सूचना देऊ नका.

एक मात्र आधी लिहायला हवं होतं. तुमच्यावर खरंच अन्याय होत असेल, कामाचं श्रेय कुणी ढापत असेल किंवा चारचौघांत पाणउतारा करत असेल, तर यातलं काही लागू नाही. तिथे बोलायचं. आणि 'अहंकार सोड' हे घरात कुणाला सांगितलं जातं ते बघा. धाकट्या भावाला सांगतात, सुनेला सांगतात. थोरल्याला ते सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

दादाचंच घ्या. मी लय वाढवली ते पाप होतं, पुतण्याला तसं सांगून त्याची माफी मागितली आहे. पण घुमट त्याला द्यायचं दादाने दुपारीच ठरवलं होतं, हे वहिनीनेच नंतर सांगितलं. दुपारी मी मागीलदारी नारळ सोलत होतो. त्याने येऊन "आज पोराला वाजवू दे, हौस आहे त्याला" एवढं म्हटलं असतं तर मी स्वतः ते शेकून त्याच्या गळ्यात घातलं असतं. असं मी म्हणतो. तो म्हणतो, तू तेव्हाही दिलं नसतंस, म्हणूनच सगळ्यांसमोर मागितलं. हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. गेल्या चवथीला चौथ्या रात्री, सगळे झोपल्यावर, सोप्यावर बसून पुन्हा एकदा झाला. पहाटे दोनला वहिनी उठून आली, दोघांपुढे चहा ठेवला आणि काही न बोलता परत गेली.