‘प्रोत्साहित केले’ : धीर, शाबासकी, सांत्वन की बोध?

मिरजेच्या एका वाचकांची शंका अशी : त्यांच्या मंडळीच्या (चर्चच्या) पत्रकात दर महिन्याला ‘पाळकसाहेबांनी वचनाद्वारे सर्वांना प्रोत्साहित केले’ असे छापून येते (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वचन म्हणजे बायबलमधला उतारा). हे मराठी बरोबर आहे का?

व्याकरणात खोट नाही. पण वाक्य वाचून नेमके काय घडले ते कळत नाही. अवकाळीने द्राक्षबाग गेलेला तासगावचा शेतकरी, दहावीत नापास झालेली मुलगी आणि संडेस्कूलला पहिल्यांदाच शिकवणारा तरुण, तिघांनाही ‘प्रोत्साहित’च केले काय? मराठीत या तिघांसाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि पुढाऱ्याने बोलण्याआधी त्यांतले एक निवडायचे असते.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने ही निवड करून ठेवली आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:14) बेशिस्त वागणाऱ्यांची कानउघाडणी, अल्पधीरांना धीर आणि अशक्तांना आधार अशी सरळ विभागणी आहे. खचलेल्याची कानउघाडणी केली तर तो उपासनेला येणेच सोडतो, आणि आळशाला धीर दिला तर तो आणखी सैल पडतो. पौलाने ही पत्रे ग्रीकमध्ये लिहिली, आणि त्या भाषेतल्या ‘पाराकालेओ’ या क्रियापदात विनवणी, सांत्वन, आग्रह हे सगळेच मावते. म्हणून मराठी बायबलात ते कुठे ‘बोध’ होते, तर कुठे ‘सांत्वन’. पौलाचा सहकारी बर्णबा याला ‘बोधपुत्र’ म्हटले आहे ते याच धातूवरून. आज ‘बोध’ म्हटले की उपदेशच आठवतो, त्यामुळे बर्णबा उगाच कडक वाटतो.

जुना शब्द ‘उत्तेजन’ही चांगला होता. पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावात तो अजून आहे. पण खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्यांनी त्याची वाट लावली.

‘शाबासकी’ला वयाची उतरंड आहे. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला देतो, पठ्ठ्या वस्तादाला देत नाही. तिशीतल्या पाळकाने भगिनी मंडळातल्या साठीच्या बाईंना ‘शाब्बास’ म्हटले की कानाला खटकते. तिथे काम सांगावे : ‘काकू, तुम्ही दवाखान्यात रात्रभर थांबलात म्हणून त्या घराला झोप मिळाली.’ कोणी, काय केले, त्याने कोणाचे काय झाले, एवढे तीन भाग पुरतात. ‘छान सेवा करता’ हे कुणालाही लागू पडते, म्हणून कुणालाच लागत नाही. पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात नावांची लांब यादी आहे, पण प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याच्या नावापुढे त्यांनी जीव धोक्यात घातल्याचे आवर्जून लिहिले आहे.

सांत्वनात मात्र शब्द कमीच लागतात. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होते. पुढे ते कारणे सांगू लागले आणि सगळे बिघडले. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य अंत्यविधीच्या दिवशी पाहुण्याने बोलू नये, घरच्यांनी स्वतः म्हटले तर ऐकून घ्यावे. 2019 च्या पुरात सांगलीत ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना ‘धीर धरा’ म्हणणे ही आज्ञा होते. ‘उद्या सकाळी गाळ काढायला चौघे जण येतो’ म्हटले की धीर दिला जातो.

सगळ्यात जास्त घात होतो तो छोट्या अव्ययांनी. ‘तूसुद्धा चांगलं बोललास’ म्हणजे तुझ्याकडून अपेक्षा नव्हती. ‘या वेळी गाणं जमलं’ म्हणजे मागच्या वेळी फसले होते. ‘प्रार्थना छान केलीस, पण जरा लांबली’ यातले ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’नंतरचे आठवते. सूचना द्यायचीच असेल तर ‘छान केलीस’नंतर पूर्णविराम द्यावा आणि लांबीचे दोन दिवसांनी, एकट्याला गाठून सांगावे. कौतुक चारचौघांत चालते. अडचण, आजार, कर्ज यांचा उल्लेख मात्र त्या माणसाला विचारल्याशिवाय प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा करू नये.