पंक, पंकज आणि दिवाळीची उदबत्ती

प्रश्न असा आला आहे: "पंक रॉकला मराठीत 'बंडखोर संगीत' म्हणता येईल का? 'पंक' हा शब्द संस्कृत 'पंक' म्हणजे चिखल यावरूनच गेला, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? आणि तो पंक रॉक की ते पंक रॉक?"

मधला प्रश्न आधी निपटतो, कारण हे पंक-पंकज ऐकून ऐकून कान किटले आहेत. नाही. चिखलाचा काडीचा संबंध नाही. नाद जुळला की 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' म्हणत टाळी घ्यायची, ही व्युत्पत्ती नव्हे, हातचलाखी. १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक रॉक बँडच्या पोरांनी लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनवर थेट प्रक्षेपणात शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर'ने मथळ्यात 'फिल्थ', म्हणजे घाण, हा शब्द घातला. या गोष्टीत चिखल आहे तो एवढाच.

शेक्सपिअरच्या काळी पंक म्हणजे वेश्या, पुढे भुरटा, कुचकामी पोरगा वगैरे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, तिथे पाहा. मला गंमत वाटते ती दुसऱ्या पंकची. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांच्या तोंडी अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत तरी हा शब्द रुळला होता. अर्थ: कुजून भुसभुशीत झालेलं, चटकन ठिणगी धरणारं लाकूड. आपल्याकडे चकमक झाडून कापसावर ठिणगी घेत, तिकडे या लाकडावर. शब्द बहुधा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, लेनापी लोकांच्या भाषेतला, धूळ किंवा राख या अर्थाचा.

आता दिवाळी आठवा. लवंगी सुटी करायची, वात जरा सोलायची, डाव्या हाताने कान झाकून उजव्या हातातली उदबत्ती पुढे करायची आणि वात सुरसुरली की पळायचं. अमेरिकेतली पोरं ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, फटाके उडवताना हातात अशीच काडी धरतात. बारीक बांबूची, वर भुशाचा लेप. तिचं नाव पंक! ज्योत नाही, नुसती धुमसते, फुंकर मारली की लाल होते. स्वतःला धड वाजता येत नाही, पण दहा जणांना वाजवून जाते.

आणि हेच तर या संगीताचं झालं. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवून गेले, ऐकायला जेमतेम काही डझन माणसं. पण त्यांतल्या पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, आणि तो आणि त्याचा दोस्त बर्नार्ड समनर यांच्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. कार्यक्रम ठेवणारी दोन पोरं बझकॉक्स या बँडची. ही उदबत्तीच नव्हे तर काय?

यावर मला नेहमी लेग्ज मॅकनीलचं नाव फेकून मारतात. जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कहून 'पंक' मासिक काढणाऱ्यांपैकी तो एक. त्याने स्वतःच सांगितलंय की हा शब्द त्याला टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांतून आणि शाळामास्तरांच्या तोंडून मिळाला, अर्थ नीचातला नीच. बरोबर आहे. पण नाव ठेवणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक असलीच पाहिजे असं थोडंच आहे? कुजक्या लाकडापासून कुचकामी माणसापर्यंतची वाट मला सरळ दिसते. वेश्येवाली वाट धरणारे कोशकार खुशाल धरोत. आणि 'त्या मासिकामुळेच संगीताला हे नाव पडलं' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी १९७१ च्या मे महिन्यातला 'क्रीम' या अमेरिकन संगीत मासिकाचा अंक पाहावा. डेव्ह मार्शने 'पंक रॉक' तिथे आधीच लिहून ठेवलंय.

आता 'बंडखोर'. मराठी वर्तमानपत्रं वाचता ना? तिकीट कापलं की माणूस बंडखोर होतो आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्याचं बंड शमतं. 'बंडखोर संगीत' म्हटलं की मला महामंडळाच्या आशेवर बसलेला गिटारवाला दिसतो. शिवाय बंडखोर ही पदवी आहे, लोक मिरवतात. पंक ही शिवी होती. मास्तराने दिलेली शिवी छातीवर सेफ्टी पिनने टोचून घ्यायची, बंड होतं ते यात. 'विद्रोही'ला तर हात लावू नका, त्या शब्दामागे इथली वेगळी आणि फार मोठी लढाई आहे.

माझ्या मते मराठीत जवळचा शब्द एकच: येरू. संस्कृत 'इतर', त्याचं 'येर', त्याचं 'येरू'. ज्ञानेश्वरीत येरु म्हणजे निव्वळ 'दुसरा'. घसरत घसरत तो झाला ऐरागैरा, कुणीतरी फालतू. आणि साठच्या दशकात मुंबईत 'असो', 'वाचा', 'फक्त' अशी अनियतकालिकं निघत होती, तेव्हा राजा ढाले यांनी आपल्या अनियतकालिकाचं नाव ठेवलं 'येरू'! तुच्छतेचा शब्द उचलून स्वतःच्याच कपाळावर. तिकडे १९७६ च्या जुलैत मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढलं, झेरॉक्स करून, जाड पेनाने नाव लिहून. पेरीने ढाल्यांचं पाहून केलं असं मी म्हणत नाही, नाहीतर मीही त्या चिखलवाल्यांतलाच. पण 'फॅनझीन'ला, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेल्या अशा मासिकाला, मराठी प्रतिशब्द नाही म्हणून गळे काढणाऱ्यांनी 'अनियतकालिक' वापरावा, तयार आहे.

एक राहवत नाही म्हणून सांगतो. १९७७ च्या नोव्हेंबरात नॉटिंगहॅममध्ये सेक्स पिस्टल्सच्या अल्बमवरून खटला उभा राहिला. दुकानाच्या काचेत अल्बमच्या नावातला 'बॉलक्स' (वृषणांसाठीचा अश्लील इंग्रजी शब्द) झळकवला म्हणून, कायदा १८८९ चा. बचावाचे वकील जॉन मॉर्टिमर यांनी साक्षीला बोलावलं कुणाला, तर तिथल्या विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली यांना. त्यांनी शांतपणे शब्दाचा हजारएक वर्षांचा इतिहास मांडला: एके काळी तो पाद्र्यांसाठी वापरत, आणि इथे त्याचा अर्थ निव्वळ बाष्कळपणा. दंडाधिकाऱ्यांनी नाक मुरडत दुकानदाराला निर्दोष सोडलं. आमच्या शब्दवेड्या जमातीने कोर्टात जिंकलेला दुसरा खटला मला तरी आठवत नाही!

हां, लिंगाचं राहिलंच. संगीत मनात असेल तर 'ते', पण बोलताना बहुतेक जण 'रॉक ऐकला' म्हणतात, मीही म्हणतो. फक्त 'पंकरॉक' असं जोडून लिहू नका, पंकजवाले लगेच समास सोडवायला बसतील.