कोर्स आणि बालवाडी एकत्र करताय? आधी झोप बघ गं

अगं, बालवाडीत शिकवून वर शिक्षिकेचा कोर्स करताना झोपच होत नाही म्हणतेस ना, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं, रडू नको. मी पण जुळे सोलापुरात सकाळी २५ पोरं सांभाळून रात्री ११ ला कोर्सच्या फायली रंगवत बसायचे, डिसेंबरात घसा असा बसला की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत (आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) पोरीला पाळण्यात बसवताना तोंडातून आवाज निघेना.

तर बघ, घसा जप, पोरांवर ओरडू नको, टाळीचा ताल ठरव, दोन दिवसात ऐकतात की. फायलीसाठी वेगळे तक्ते करत बसू नको, वर्गात जे करतेस तेच लिही, म्हणजे चिंचोके मोजताना कोण पाचावर अडलं, कोणी एक तोंडात घातला (घालतातच!), हेच निरीक्षण म्हणून चालतं.

आणि सर्टिफिकेटची एवढी धास्ती कशाला, २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी ताईंना ६ महिन्यांचाच कोर्स सांगितलाय, कमी शिकलेल्यांना १ वर्षाचा डिप्लोमा, म्हणजे नोकरी करत करत होण्यासारखंच आहे ते. तू खासगीत आहेस, तर फी भरायच्या आधी मान्यता कुणाची ते लेखी माग, मी नाही मागितली आणि पैसे बुडाले. रविवारी फाईल बंद. एप्रिलच्या उन्हात तर दुपारी झोपच काढ.