बहात्तरचा दुष्काळ आणि पाचवा महिना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर ती आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. राहायला घोडबंदर रोडला, माहेर बीडकडचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) टेकता टेकताच म्हणाली, "मॅडम, आजीचा दुष्काळ माझ्या बाळाला बाधेल का?"

आजी 1972 साली दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोटात हिची आई. दुपारी सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ), रात्री लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तीही मिळाली तर. आईला चाळिशीच्या आतच मधुमेह निघाला. हिने मोबाइलवर वाचलं होतं, की मुलगी गर्भात असतानाच तिची अंडबीजं तयार होतात. "म्हणजे मी ज्या बीजातून झाले, तेसुद्धा आजीच्या उपाशी पोटातच!"

हिशेब चुकलेला नव्हता. "छे, असं काही नसतं" म्हणून बोळवण केली, की माणसं रात्री दोनला पुन्हा मोबाइल उघडतात. म्हणून खरं तेच सांगितलं. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तिच्या काळात जे गर्भात अगदी सुरुवातीच्या महिन्यांत होते, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसले. साठ वर्षांनंतरही त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वेगळ्या आढळल्या. पण आजार सगळ्यांनाच झाले नाहीत. आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीबद्दल माणसांमधला पुरावा फार तुटपुंजा आहे. "आईला मधुमेह आहे, एवढ्यावरूनच तुझी तपासणी व्हायला हवी. दुष्काळ असो नसो."

मग सहज विचारलं, "काल रात्री काय जेवलीस?"

गप्प. थोड्या वेळाने, "वाटीभर डाळ."

शुगरच्या धास्तीने भात, पोळी, फळं सगळं बंद. फाइल उघडली तर महिन्याच्या अंतराने दोनदा एकच आकडा, 49 किलो.

"अगं, आजीला मिळत नव्हतं म्हणून ती उपाशी होती," एवढंच म्हणाले. ती रडली. मी रडू दिलं.

तिच्या डॉक्टरांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर तपासली. 140 च्या आत हवं, 112 आलं. सातव्या महिन्याच्या आसपास पुन्हा तपासायचं ठरलंय.

पुढच्या खेपेला आईला घेऊन आली. आईने पिशवीतून डबा काढला. तूप लावलेली ज्वारीची भाकरी, पांढरीशुभ्र. "आमची आई मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची," म्हणाली. लेकीने तिथेच, माझ्या टेबलावर, अर्धी संपवली. तुकडे माझ्या रजिस्टरवर.