लडाखमध्ये ओढ्याच्या गाळाचा नमुना नेमका कसा घ्यायचा?

नांदेडला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करताय, खनिज शोधाच्या कामावर लडाखला निघालाय आणि नमुना कुठून, किती घ्यायचा असं विचारलंय. जागा चुकली तर पुढं प्रयोगशाळा काही करू शकत नाही, म्हणून आधी जागेचं सांगतो.

वाहत्या पात्रातलाच गाळ घ्या. काठाची ढासळलेली माती फक्त त्या काठाचीच असते; आपल्याला वरच्या अख्ख्या पाणलोटाचा माल हवा. मोठ्या धोंड्याच्या मागं, प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाणी मंदावतं, तिथं बारीक गाळ साचतो. बोटांत चोळला की पिठासारखा लागतो, तोच. ३०-४० मीटरच्या पट्ट्यातल्या अशा पाच-सात जागांचा गाळ एकत्र करा. संगम असेल तर दोन्ही ओढ्यांचे नमुने वेगवेगळे, आणि पुराचा फुगवटा पोचणार नाही इतके वर. रस्ता, पूल असेल तर त्याच्याही वरच्या बाजूला.

चाळणी ८० मेशची (इंचाला ८० घरं), म्हणजे भोक साधारण १७७ मायक्रॉनचं. नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. पितळी चाळणीनं तांबं-जस्त वाढतं, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीनंही जस्त येतं. बोटातली अंगठी काढून ठेवा. चाळणीतून खाली १५०-२०० ग्रॅम पडायला हवं, तोच नमुना. तिथं खडक थंडीनं फुटतो पण त्याची माती फारशी होत नाही, त्यामुळं चार-पाच किलो उपसूनही बारीक माल थोडाच निघतो.

सगळ्यात फसवते ती सिंधूच्या खोऱ्यातली वाऱ्यानं आलेली वाळू. ती मिसळली की धातूचं प्रमाण खाली दिसतं. हिमनदीचा ढिगारा तर दुसऱ्याच खोऱ्यातला असू शकतो. दगडांवरचं मँगनीजचं काळं पुट जस्त, कोबाल्ट धरून ठेवतं. यातलं जे दिसेल ते जागेवरच वहीत लिहा.

पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, ओल्यात शाई पसरते. दर २० नमुन्यांमागं एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागेचा दुसरा नमुना, घ्या. वाळवायचं सावलीत, चुलीजवळ ठेवलं तर पारा उडून जातो.

सिंधूच्या दक्षिणेला जागोजाग ओफिओलाइट, म्हणजे जमिनीवर ढकललेला जुन्या समुद्रतळाचा खडक, आहे. त्यातल्या पेरिडोटाइटमध्ये (कवचाखालून आलेला जड, गडद खडक) निकेल मुळातच दर दशलक्ष भागांत २०००च्या आसपास असतं, तेव्हा तो आकडा बघून साठा सापडला असं समजू नका. त्याच खडकावरच्या बाकीच्या ओढ्यांशी ताडून बघा.

आपल्या नांदेडकडं बहुतेक बेसाल्टच. देगलूर-बिलोलीकडं मात्र ग्रॅनाइट उघडा आहे. निघण्याआधी तिथल्या ओढ्यावर चार नमुने घेऊन हात बसवा. आणि लडाखात ओढे सकाळीच ओलांडा, बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं.